निरंक

पहाटे सव्वातीनला ढोकाळीच्या नाक्यावर
मी जमिनीत हात घालतो.
वर लोखंडी झाकण, त्याखाली झुरळं, त्याखाली व्हॉल्व्ह.
लांब दांड्याची चावी छातीशी धरून
अकरा फेरे डावीकडे.
पाइप आधी हवा ओकतो,
मग म्हाताऱ्यासारखा खाकरतो,
मग पाणी.

नोकरीला लागलो तेव्हा चार फेरे पुरायचे.
शेवटच्या घरातली घागर भरेपर्यंत
माझी एक बिडी संपायची.
आता शेवटचं घर कुठंय ठाऊक नाही.
वर असावं, बत्तिसाव्या मजल्यावर,
आणि त्याच्याही वर क्रेनचा लाल दिवा
अजून एक शेवटचं घर बांधतोय.

पाइप तोच आहे, नऊ इंची.
साहेब म्हणतात, वेखंडे,
दोन तासांचा झोन पन्नास मिनिटांत बसवा.
बसवतो.
पाहुणे वाढले की आई भाकरी पातळ थापायची,
एक जास्त निघायची.
पाणी पातळ थापता येत नाही, साहेब.

इमारतींची नावं मात्र चिंब ओली.
निर्झर हाइट्स. लेक मिराज.
तळ्याकाठ, फेज तीन.
तळं फेज एकच्या पार्किंगखाली आहे,
मी त्यात म्हशी डुंबताना पाहिल्यात.
सात वाजता तिथंच टँकरची रांग लागते,
कुणाच्या तरी गावचं पाणी पोटात घेऊन,
वाटभर सांडत.

शिव्या द्याव्यात तर कुणाला?
मी तरी कुठला ठाण्याचा?
शहापूरच्या वरल्या अंगाचा एक पाडा.
आधी तिथून पाणी निघालं, मोठ्या जलवाहिनीतून, ऐटीत,
त्याच्या मागोमाग मी,
माझ्या मागं धाकटा भाऊ, मेहुणा, मेहुण्याची चार पोरं.
कळव्यात एका खोलीत नऊ माणसं
आणि एक पिंप.
गावी उरलेली वहिनी मे महिन्यात
झऱ्याशी वाटी घेऊन बसते.
फोनवर विचारते, भावजी, तुमच्याकडे येतं ना पाणी?
येतं गं, म्हणतो. मीच सोडतो.

या चेंबरला एक गळती आहे.
ग्लँडची दोरी झिजलीय, अर्ध्या तासाचं काम.
तीन वर्षं मी ते केलेलं नाही.
तिथं एक लंगडी कुत्री पिते,
येऊरकडून वाट चुकलेलं मुंगूस येऊन गेलं एकदा,
आणि साइटवरची कौसल्या,
जिच्या नवऱ्यानं निर्झरचे चौदा मजले लिंपले,
ती इथं डबा लावते.

गेल्या पंधरवड्यात तिनं इथंच बाळ धुतलं.
सात दिवसांची मुलगी, मूठ घट्ट, डोळे मिटलेले,
धारेखाली तोंड उघडून
काहीतरी मोठं गिळायला निघालेली.
नाव काय ठेवलं?
साइट संपू दे, मग ठेवू, म्हणाली.
कागदावर माणशी एकशे पस्तीस लिटर.
मी हातातल्या चावीकडे बघत राहिलो,
बाराव्या फेऱ्याला आटे नाहीत तिला.

निर्झरच्या सेक्रेटरीनं फोटो पाठवलाय साहेबांना,
पाणी वाया चाललंय, तारीख-वेळेसकट.
त्याचं खोटं नाही.
त्याच्या घरीही सून बाळंत झालीय,
बादल्या लिफ्टनं चढतात.

नवी दोरी मिळाली मला स्टोअरमधून.
अकरा दिवस झाले, खिशात आहे,
घामानं आता मऊ पडलीय.
रोज रजिस्टर उघडतो, टॉर्च दातांत धरून लिहितो:
झोन चार. दाब कमी.
गळती —
इथं पेन थोडं थांबतं,
निरंक.

मग अकरा फेरे उजवीकडे.
शेवटचे दोन फार जड जातात.