अठरावा दिवस

कोंढव्यात, जिन्याखाली, थर्माकोलच्या खोक्यात
चाळीसचा बल्ब, वाटीभर पाणी, बावीस अंडी.
एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला शून्य,
शिसपेन्सिलीनं, अल्फियाच्या शाळकरी अक्षरात.
दिवसातून तीनदा कूस बदलायची, अब्बा.
विषमच. सम झालं तर प्रत्येक रात्र
एकाच कुशीवर जाते
आणि पिल्लू कवचाला चिकटतं.

परवा ओट्यावर तिनं दोन अंडी गरगरवली.
उकडलेलं भिंगरीसारखं उठून टोकावर उभं.
कच्चं नुसतं भेलकांडत राहिलं.
तिनं वर बोट टेकवलं. थांबलं.
उचललं,
तर ते पुन्हा आपणहून वळायला लागलं, सावकाश.
"कवच थांबलं फक्त," ती म्हणाली,
"आतलं कुठे थांबलंय?"

भोसरीचा कारखाना बंद पडून वर्ष होईल.
पाचला जाग येते अजून, पहिल्या पाळीची.
हात अंधारात डबा चाचपतो.
म्हणून पहाटेची पाळी माझी: फुलीचं शून्य, शून्याची फुली.

आज अठरावा.
आजपासून हात लावायचा नाही.
तरी पाचला उठलो,
खोक्याशी उकिडवा बसलो, हात काखेत धरून.
मागच्या रांगेतली एक फुली
जराशी
कलली.