थंडीचा सराव

जेवणं उरकल्यावर टेबल पुसून आम्ही नकाशा पसरतो.
पंखा पाचवर, म्हणून चार कोपऱ्यांवर चार वजनं:
मिठाची बरणी, अडकित्ता, विहंगचा एक सँडल
आणि केतकीची दुधाची वही,
जिच्या मागच्या पानावर हिमालयाचा हिशोब चाललाय.

जुई वितीने मोजते. वीत तिची, सात वर्षांची.
"चंदीगडपासून दीडच वीत, बाबा. जवळ आहे."
दीड वीत म्हणजे अख्खा दिवस, वळणामागून वळण,
आणि विहंगला तर कसाऱ्याचा घाटसुद्धा
मांडीवर पिशवी धरल्याशिवाय चढत नाही.

जानेवारीत आमची तीन उद्यानं होती.
फुलांची दरी फेब्रुवारीतच गेली.
शेवटी चालायचं, तो कडेवर, ती हाताला,
मग सामान कोण घेणार, एवढंच केतकीने विचारलं.
मी कॉलेजात राजगडावर काढलेल्या दोन रात्रींचा
सहाव्यांदा उल्लेख केला.
पिनचं खोरं खोडलं डॉक्टर सबनीसबाईंनी.
"इतक्या उंचावर चार वर्षांचं पोर
डोकं दुखतंय असं सांगत नाही हो, नुसतं चिडतं.
आणि तुम्ही म्हणाल, झोप झाली नसेल."

उरलं एक, तीर्थन नदीकाठचं.
त्याच्याभोवती जुईने स्केचपेनने
एवढं जाड वर्तुळ काढलंय
की खालची गावं बुडाली.

अंबरनाथच्या मावसबहिणीने स्वेटर धाडलेत,
डांबरगोळ्यांच्या वासासकट.
चुनाभट्टीच्या मे महिन्यात दोघं ते घालून
फ्रिजचं दार उघडून समोर मांडी घालून बसतात.
"बर्फ पडतोय," जुई सांगते,
आणि फ्रीजरचा खरवडलेला चुरा
भावाच्या माकडटोपीवर सोडते.
थंडीचा सराव.
विजेचं बिल केतकीने वहीत
'प्रवास' या सदरात लिहिलं.

लिफ्ट बंद केलीय, चढायची सवय व्हावी म्हणून.
दप्तरं पाठीला. तिसऱ्या मजल्यावर विहंग आडवा होतो.
मी म्हणालो, हा बेस कॅम्प.
तेवढ्यात पेडणेकरकाकूंनी दार उघडून चकली दिली.
आता रोज बेस कॅम्पवर तो दाराकडे बघत पडून राहतो,
आणि काकू दोनदा दळण आणून आल्या.

"तिथे घसरगुंडी केवढी असेल?" काल त्याने विचारलं.
कुठे रे?
"उद्यानात."
राष्ट्रीय म्हणजे फार मोठी असणार, हे त्याचं त्यानेच ठरवलंय,
झोपाळे शंभर, आणि सगळ्यांना नंबर मिळतो.
मी तोंड उघडलं होतं.
केतकीने टेबलाखालून पाय दाबला.

ऑफिसात रजेच्या अर्जावर 'कारण' असा एक रकाना आहे,
बोटभर रुंद. त्यात मी 'कौटुंबिक' लिहिलं.
खरं म्हणजे जुईला मार्चमध्ये चष्मा लागला.
लांबचं दिसत नाही.
डॉक्टर म्हणाले, रोज थोडा वेळ दूर बघायला सांगा,
जितकं दूर जमेल तितकं.
घरी येऊन मी टेपने मोजलं:
आमच्या खिडकीपासून समोरच्या इमारतीची भिंत
अकरा फूट, चार इंच.
त्यात मध्ये त्यांचं वाळत घातलेलं.

हे बोटभर रकान्यात बसलं नसतं.
साहेबांनी सही केली, नऊऐवजी सात दिवसांवर.
म्हणजे जाण्यायेण्यातच चार.
उरलेल्या तिनात नदी, देवदार, दिसलाच तर मोनाल,
आणि नसलेल्या घसरगुंडीचा निकाल.

रात्री विहंग माकडटोपी काढू देत नाही.
झोपला की मी हळूच सोडवतो.
केस ओले, कपाळावर लोकरीची नक्षी उमटलेली.
टेबलफॅन त्याच्याकडे वळवतो.
डोळे मिटूनच तो विचारतो,
"पोचलो?"
घाट लागलाय, मी म्हणतो.
"मग पिशवी दे."

आतून केतकीचा आवाज येतो,
साडेसहा हजार अजूनही कमी पडतायत,
आणि त्याचा दुसरा सँडल कुठे आहे?