रनटाइम निवडा

भायखळ्याच्या पतपेढीत सर्व्हर ठेवलाय
जुन्या तिजोरीच्या खोलीत.
दार वीतभर जाड, आत मोबाइलला रेंज नाही,
एसीचं पाणी डालड्याच्या डब्यात थेंब थेंब.
शनिवार, रात्रीचे पावणेबारा.
शिपाई घाग बाहेर स्टुलावर,
चाव्यांचा जुडगा मांडीवर,
तान्हं मूल झोपवल्यासारखा.

इन्स्टॉलर इथवर निमूट आला.
अटी मान्य? मान्य.
फोल्डर? हाच.
मग थांबला आणि विचारू लागला:
सोबत आणलेला रनटाइम वापरू
की या मशीनवर आधीच आहे तो?
असल्यास पत्ता द्या.

आहे ना.
आवृत्ती आठ. तिच्या फोल्डरात एक टिपण,
तुस्कानोंनी लिहून ठेवलेलं:
"हे काढू नये. नवंही करू नये.
आवर्त ठेवींचं व्याज याच्यावर चालतं.
का चालतं ते मलाही नीट कळलेलं नाही."
तुस्कानो निवृत्त होऊन वसईला गेले.
फोन केला की म्हणतात, चालतंय ना?
मग कशाला हात लावतेस, पोरी.

नव्या सॉफ्टवेअरला सतरा लागतं.
आठवर ते उभंही राहणार नाही.
आणि सतरावर तुस्कानोंचं व्याज
कदाचित उभं राहील,
कदाचित चार आण्यांनी चुकेल,
आणि ते चार आणे
डोंगरीच्या हमीदाबाई
पासबुकावर भिंग धरून बरोब्बर पकडतील.

मी या शहरात आले तेव्हा
ताडदेवच्या वसतिगृहाच्या फॉर्मवर असंच होतं:
जेवण इथलं / स्वतःचं.
ऐटीत 'स्वतःचं'वर खूण केली,
सोलापूरहून आणलेली विजेची शेगडी लावली
आणि पहिल्याच संध्याकाळी
तिन्ही मजल्यांचे दिवे घालवले.
अंधारात कुणीतरी म्हणालं, नवी आलीय वाटतं.
पुढं सहा वर्षं इथलंच जेवले, गोडसर आमटी.
शेंगाचटणी मात्र गादीखाली.

घाग डोकावले. "अडलं काय, मॅडम?"
सांगितलं, जमेल तितक्या मराठीत.
ते बराच वेळ डालड्याच्या डब्याकडे बघत राहिले.
"म्हणजे जुन्याला उठवायचं नाही,
नव्याला उपाशी ठेवायचं नाही.
मग मांडा की वेगळ्या चुली.
आमच्या खोलीत दोघा भावांच्या तशाच आहेत.
फक्त सिलिंडर कुणाचा कुठला
ते आधी लिहून ठेवा."

'सोबत आणलेला' निवडला.
पुढच्या पानावर, बारीक अक्षरात:
सगळ्या मशीनसाठी हाच ठरवायचा?
खूण आधीच केलेली.
हीच ती. इथंच माणसं फसतात.
काढली.

हिरवी पट्टी सरकत गेली,
नव्व्याण्णववर येऊन चहा पिऊन आली.
एक जुनी ठेव उघडून व्याज मोजून पाहिलं, आठवरच.
पैचाही फरक नाही.

तुस्कानोंच्या टिपणाखाली माझं जोडलं:
"शेजारी सतरा आहे. त्याला इकडे आणू नये.
त्याच्या दुरुस्त्या वेगळ्या कराव्या लागतील,
आपोआप होणार नाहीत, कुणीतरी आठवण ठेवा.
शंका आल्यास"

इथं नंबर लिहायचा.
कंत्राट तर मार्चपर्यंतच आहे.
तरी लिहिला.