फॉर्मवरचा चौथा रकाना

ग्रिम्सबीत मार्चमध्येही वारा असा
की मधल्या सुट्टीत मुलांची नावं हाकेतून निसटून
गोदीकडे जातात.
मी पटांगणाच्या कडेला, हातात
गार होत चाललेली कॉफी.
ड्यूटी म्हणजे दिसत राहणं, असं पहिल्या वर्षी सांगितलं होतं.
बघत राहणं, असं कुणी म्हणालं नव्हतं.

डोमासची टोपी पुन्हा छपरावर.
ती रोज कशी उडते, हे मी वाऱ्याला विचारलं,
रीसला नाही.

मग एकदा ओठ फुटला, आणि फॉर्म भरणं आलं.
ठिकाण : सायकलींच्या शेडमागे.
साक्षीदार : कोणी नाही. अकरा जण होते.
चौथा रकाना : काय कृती केली?
मी दोघांना समोरासमोर उभं केलं,
म्हटलं, हात मिळवा.
त्यांनी मिळवले.
मी झटकले.

रीसची बोटं पांढरी पडली होती, ती मी पाहिली.
डोमासचा हात त्यात, निसटती मासळी आवळावी तसा,
माझ्यासमोर, माझ्याच सांगण्यावरून,
पुरते चार सेकंद.
डोमास हसत होता.
मी लिहिलं : प्रकरण मिटलं.

ते हसू आधी कुठे पाहिलंय
हे रात्री कुकर घासताना आठवलं.

माझं आडनाव डोंगरे.
सप्टेंबरात मागच्या बाकावरून कुणीतरी त्याचं 'मिस डाँकी' केलं,
वर्ग खिदळला आणि मीही,
कारण हसून घेतलं की तास पुढे सरकतो,
कारण घरभाडं, कारण व्हिसा,
कारण आपण लक्षच द्यायचं नाही, असं आईचं म्हणणं.
पहिल्या बाकावर तेव्हा हा,
लिथुआनियाहून येऊन तीन आठवडे झालेला,
इंग्रजी कळावं म्हणून माझ्या तोंडाकडे टक लावून.
अपूर्णांक त्याला अजून नीट येत नाहीत.
तो एक धडा मात्र एका दिवसात पाठ.

सकाळी मिसेस हॉल्टबी म्हणाल्या,
फॉर्म बंद झालाय, पुन्हा उघडायचा तर कारण लागेल.
मी म्हटलं, कारण मी आहे.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला,
आणि ड्रॉवर उघडला.

दुसऱ्या तासाला, मी फळ्याकडे तोंड करून असताना,
तोच शब्द.
मी पेनाला टोपण लावलं. वळले.
हसले नाही.
ओरडलेही नाही. इतकी शांतता
की रेडिएटरची टकटक मोजता यावी.
मग फळ्यावर मोठ्या अक्षरांत आडनाव लिहिलं :
हे असं म्हणतात. म्हणून बघा.

मागून कुणी बोलेना. रीस बाकावर नख घासत होता.
पहिल्या बाकावरून आलं, डोंगर्रे,
र जरा जास्तच घोळवलेला,
आणि त्या मागोमाग काही नाही, हसू नाही.

टोपी अजून छपरावर आहे.
शिडी केअरटेकरकडे, आणि तो साडेतीनला घरी जातो.
आता तीन वाजून दहा मिनिटं.