लोकलहोस्ट, त्रिमूर्ती नगर

कूलरच्या दुकानावरची आमची खोली.
मार्च संपता संपता खाली खस ठोकायचा आवाज सुरू होतो
आणि क्षिप्रा हेडाऊ कानाला हेडफोन लावते.
ती समोरचं लिहिते. मी मागचं.
अठरा वर्षं मी मागचंच लिहिलं,
ते कुणी बघितलं नाही,
चालतं की नाही एवढंच विचारलं.

काम कळमन्याच्या बाजाराचं:
संत्र्याची गाडी, तोल, अडत, हमाली, पावती.
माझा सर्व्हर आठ हजार ऐंशीवर,
तिचा पडदा पाच हजार एकशे त्र्याहत्तरवर,
लॅपटॉप एकच,
शेजारी तर्री सुकलेली पोह्याची प्लेट.
तिनं हाक मारली, मी उत्तर दिलं,
माझ्या नोंदीत दोनशे, म्हणजे सगळं ठीक,
आणि ब्राउझरनं ते उत्तर दारातच अडवलं:
तुमचा उगम एक नाही.

‘असं कसं बे?’ मी म्हणालो. यंत्राला, तिला नाही.
झिरो माइलच्या दगडाला हात टेकून
दगडापर्यंतचं अंतर विचारावं
आणि त्यानं म्हणावं, तुम्ही बाहेरगावचे.

लोक हॉटेलचं उदाहरण देतात,
मागे भटारखाना, पुढे टेबलं, मधे वेटर.
मला कधी पटलं नाही.
भटारखान्याचा निदान वास पुढे जातो.

क्षिप्रानं मधे एक निरोप्या बसवला,
चार ओळींचा.
तो तिची हाक घेतो, माझ्याकडे येतो,
माझं बोलणं तिच्याच घरचं म्हणून सांगतो.
ब्राउझर फसला की त्याचं समाधान झालं, कोण जाणे.
पडदा भरला.
माझ्या रांगा पहिल्यांदा रंगीत कपड्यात बघितल्या,
आणि तारखेच्या जागी
तेरा आकड्यांची एक संख्या.

‘सर, हे कोण वाचणार?’
‘यंत्र.’
‘लांजेवार काका वाचणार, सर. तोलावर.’
ती तीन पहाटा तिथे उभी राहून आली होती.
त्यांचा अंगठा ओला असतो
म्हणून तिची बटणं एवढी मोठी.
मला लांजेवार हे नाव एका रकान्यात माहीत होतं.

तारीख सुधारली, तर चारला तोललेली फळं
आदल्या रात्री साडेदहाला दिसू लागली,
काटोलची गाडी अजून काटोलातच उभी,
आणि इकडे पावती तयार.
माझा सर्व्हर कुठल्या परक्या रेखांशावर उठतो-झोपतो,
मी कधी विचारलंच नव्हतं.
साडेपाच तास. एवढा मागे होतो मी.

शेवटी तिनं आपलं सगळं बांधून
एका फोल्डरात माझ्या हवाली केलं.
आता एक पोर्ट, एक पत्ता.
मी चहा मागवला.
तेवढ्यात तिनं फोनवर दोनशे सतराव्या पावतीचं पान
वरून खाली ओढलं, ताजं करायला,
आणि माझा सर्व्हर म्हणाला: सापडलं नाही.

खरंच नव्हतं. ती वाट तिनं पडद्यावर आखलेली,
माझ्या नकाशात तिचा मागमूस नाही.
‘सर, जे ओळखू येत नाही ते परत पाठवू नका.
माझ्या पहिल्या पानावर आणून सोडा,
पुढचं मी बघते.’
एका ओळीचं काम.
पण मला नाही म्हणायचंच वळण.
चारशे एक, चारशे तीन, चारशे चार,
किती प्रकारे नाही म्हणता येतं
हीच माझी विद्या.
ओळ लिहिली. चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे चार वीसला फोन, स्पीकरवर:
‘पोरी, पावती निघाली.
पन थे बटन केसरी काऊन केलं वं?
संत्र्याच्या ढिगात दिसतच नाही.’
ती हसत हसत निळा शोधू लागली.
माझ्याकडे काहीच बदलायचं नव्हतं.
तरी मी जागा होतो.