रात्री अकराचा सूर्य

अर्जावर एकच चौकट होती.
मी तिच्यात बरोबरची खूण केली, ग्राहक क्रमांक लिहिला,
आणि पुढच्या महिन्यापासून आमच्या बिलात
एक नवी ओळ आली: हरित ऊर्जा,
युनिटमागे थोडे पैसे जास्त.
छपाई इतकी फिकट
की नायनांनी बिल ट्यूबलाइटखाली धरलं.

"काय घेऊलालीस म्हणे तू?"
वीज, नायना. उन्हाची. वाऱ्याची.
"आणि आधी होती ती?"
आधीची कोळशाची. होटगीच्या फाटकाशी
सायकल धरून तुम्ही मालगाडीचे डबे मोजायचा,
चाळिसाव्या डब्याला डोळ्यांत धूळ जायची
आणि हिशेब चुकायचा. ती.

ते वर बघतात. पंखा तोच,
वाकड्या पात्याची कटकट तीच.
खांब तोच, तार तीच,
मागच्या पिठाच्या गिरणीला जाते तीच.
"रात्रीचे अकरा वाजलेत," ते म्हणतात,
"आता कुठला सूर्य उगवलाय तुझ्यासाठी?"

मला हसू येतं. त्यांचं चुकत नाही.
मीटर बघायला येणारा मल्लिनाथही हसला होता.
ताई, करंटला काय जात असते का?
जवळून जी येते तीच येणार तुमच्या घरात,
कागद काही का म्हणेना.

मग मी विकत घेतलं काय?

छप्पर घेता आलं नाही.
दाजी पेठेतली ही खोली पत्र्याची,
पत्रा वडनाल शेठचा,
त्यांना भिंतीत एक खिळा खपत नाही,
वर पॅनेल कुठलं बसवू देतात!
एप्रिलात तोच पत्रा असा तापतो
की सकाळी घातलेल्या कुरडया दुपारी खडखडतात.
सोलापुरात ऊन फुकट आहे,
फक्त ते ठेवायला स्वतःची जागा लागते.

नायनांना त्यांच्याच धंद्यातलं सांगून पाहिलं.
तुमच्या बीमवर तीन गिरण्यांचं सूत यायचं ना?
टॉवेल विणून झाल्यावर कोण सांगेल
कुठला धागा कुठल्या गिरणीचा?
"कोणीच नाही."
पण सूतवाल्याच्या वहीत असायचं:
कोणाकडून किती कोन उचलले, कोणाला किती पैसे गेले.
जिचं सूत उचललं
तिच्या चात्या पुढच्या महिन्यात फिरल्या.
मी त्या वहीतली एक ओळ घेतलीय, नायना.
टॉवेल नाही.

बराच वेळ ते गप्प. मग म्हणाले,
"आणि वही लिहिणारा चोर असला तर?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.
चाळीस वर्षं त्यांच्या मजुरीची वही दुसऱ्यानंच लिहिली,
आणि आईच्या हजार बिड्यांतून
रोज मूठभर छाट म्हणून बाजूला पडायच्या.
त्या पुढं कोण ओढायचं, कोणास ठाऊक.

मेमध्ये वीज गेली, चार तास.
हिरवी म्हणून आमची काही थांबली नाही.
समोरच्या इरप्पांबरोबर, गिरणीबरोबर,
अर्धा दळलेला ज्वारीचा डबा तसाच सोडून
एका क्षणात गेली.
सगळी गल्ली ओट्यावर आली, पुठ्ठे हलवत.
राजमणी वहिनींनी अंधारातच विचारलं,
अगं, तुमची वेगळी ना?
मी काही बोलायच्या आत
नायना मोठ्यानं म्हणाले,
"उन्हाची हाय ती. रात्री झोपती."

आता बिल आलं की ते आधी तीच ओळ शोधतात.
"किती झाले?"
एकतीस रुपये.
सदऱ्याच्या खिशातून सुटे काढून
ते बिलावर ठेवतात. कधी दोन कमी, कधी एक जास्त.
मग चप्पल घालतात, दारापर्यंत जातात,
परत फिरतात,
पंख्याचं बटण बंद करतात
आणि वाकडं पातं पुरतं थांबेपर्यंत
मान वर करून उभे राहतात.

मी अजून खोलीतच बसलेली असते,
हे त्यांच्या लक्षात येत नाही.