दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मध्ये

भाचीनं, शाल्मलीनं, आणून दिली
काडेपेटीएवढी डबी
आणि कानांवर बसणाऱ्या दोन जाड वाट्या.
"मामा, लॉसलेस आहे. काही म्हणजे काही गळत नाही."
मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली.
न गळणारं काही असतं
यावर माझा चटकन विश्वास बसत नाही.

तरी बसलो. सहकारनगर, दुपारचे दोन,
भंगारवाला नुकताच ओरडून गेलेला.
पंखा बंद केला. घाम चालेल, घरघर नको.

आणि ड्रम आला.
आमच्या कॅसेटवर तो
गोणपाटावर काठी मारल्यासारखा वाजायचा.
इथं ताणलेलं कातडं कळत होतं,
कातड्यामागची खोली, खोलीची भिंत,
तारेवरून सरकणारं बोट, त्या बोटाचा घट्टा.
गाणाऱ्यानं ओळ उचलण्याआधी ओठ विलग केले
ते मी एक्केचाळीस वर्षांनी ऐकलं.

कॅसेट मन्याची. इमॅन्युएल साळवे, आमचा मन्या.
ब्याऐंशी साली कॅम्पातल्या कुणा कर्नलकडून
एका रात्रीपुरती उसनी आणलेली तबकडी
त्यानं पाळक वडिलांच्या
रविवारच्या उपासनेवर चोरून उतरवली.
शेवटचं गाणं संपत आलं
आणि वडील खाली सायकल लावताना दिसले.
मन्यानं खटका दाबला.
म्हणून आमचं ते गाणं ऐन भरात तुटायचं,
खट्ट,
आणि खालच्या जुन्या थरातून सगळी मंडळी एकदम:
आमेन.
कित्येक वर्षं मला वाटायचं, ते तसंच आहे.

आणि तो दुसरा आवाज.
दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मध्ये,
बारीक, कुर्र की खुर्र.
मी म्हणायचो, कुणीतरी म्हणतंय, परत एकदा.
मन्या म्हणायचा, खुर्ची आहे.
पैज सहा मटण पॅटिसची.
त्याच्या लग्नात भांडलो. माझ्या बदल्यांमधून पत्रांत भांडलो.
वडिलांच्या दहाव्याला ओंकारेश्वरावर, हळू आवाजात.

खुर्ची होती.
लाकडी, एक पाय आखूड.
कुणीतरी वजन डावीकडून उजवीकडे टाकलं, बस.
चारदा मागे नेऊन ऐकलं.
माणूस होता तिथं, पण बोलला नव्हता.

स्कूटर काढली.
कॅम्पातून पॅटिस घेतले, सहा मोजून.
घोरपडीचं फाटक बंद.
मालगाडीचे अठ्ठावन्न डबे जाईपर्यंत
मांडीवरचा खोका गार झाला.

मन्या एकतीस वर्षं मुंढव्याच्या फोर्जिंगमध्ये, घणाशेजारी.
कान कंपनीत राहिले, ग्रॅच्युइटी तेवढी घरी आली.
मशीन लावतो, म्हणतो, त्यात नुसती भांडी पडतात.
दार उघडलं. खोका पाहिला.
माझ्या तोंडाकडे न बघताच म्हणाला,
"खुर्ची ना?"

चौथा पॅटिस संपल्यावर त्यानं मशीन काढलं,
वाट्या कानांवर नाही,
कानामागच्या हाडांवर दाबून धरल्या.
गाणं नव्हतं कळत त्याला. ड्रम कळत होता.
पाय हलत होता टेबलाखाली,
बशीतला चुरा थरथरत होता.
मी समोर बसून पडद्यावरचे सेकंद बघत होतो.
ती जागा आली.
मन्याचा पाय थांबला,
आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा आवाजात,
आतून सून धावत आली इतक्या मोठ्यानं,
तो म्हणाला, आमेन.

हाडावर ड्रम चालूच.
त्यानं डोळे उघडले.
"अजून आहे?"

मी एक बोट दाखवलं,
आणि दुसरं, अर्धं मुडपून.